अमरवेलीला उभं करू पाहणारे सर

सर स्वतःचे केस स्वतः कापत. दोन आरसे, एक कात्री आणि रविवारची सकाळ एवढ्यावर ते काम चाले. सोमवारी ते फळ्याकडे तोंड करून उभे राहिले की त्यांची मान मागून ज्वारी काढून नेलेल्या रानासारखी दिसे; कुठे धसकटं, कुठे नुसती माती. आम्ही हसत असू. ते त्यांना ऐकू जाई. खडू न थांबवता ते म्हणत, "दुसऱ्यापुढे मान वाकवायला मला लाज वाटते. तुम्हाला वाटत नसेल, तर तो तुमचा प्रश्न."

मी आता पन्नाशीला आलो आहे. साताऱ्यात राहतो, बरं चाललं आहे. आयुष्यात फार थोड्या माणसांचा मी मनापासून तिरस्कार केला. त्यांत सरांचा नंबर पहिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेलेल्या शिक्षकांविषयी लिहिताना माणसं गहिवरतात आणि मला खोटं गहिवरता येत नाही. तिरस्कार करणं वाईट, हे मला कळतं. त्याचं ओझंही वाटतं. पण ओझं वाटतं म्हणून तो कमी होत नाही, हाही माझा अनुभव आहे.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. सांगलीतल्या एका शाळेत ते आम्हाला शास्त्र शिकवत. त्यांचा सदरा त्यांनीच शिवलेला असे, त्यामुळे एक बाही मनगटापर्यंत आणि दुसरी कोपराच्या थोडी खाली. ज्वारी ते स्वतः जात्यावर दळत, आणि एकट्या पुरुषानं पहाटे ओढलेल्या जात्याचा तो भेसूर आवाज आसपासच्या बायकांना असह्य होई. शाळेचा खडूसुद्धा ते वापरत नसत. घरी कसलीशी पांढरी माती भिजवून, वळून ते खडू करत. तो फळ्यावर उमटण्यापेक्षा त्यांच्या बाहीवर जास्त उमटे. कुणी चहाला बोलावलं तर एकच उत्तर, "माझ्या घरी चूल आहे." गणपतीत शाळेत प्रसाद वाटत तेव्हा ते हात मागे बांधून उभे राहत. देवाचंही घ्यायचं नाही, असा त्यांचा बाणा.

हे सगळं त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं असतं तर एक विक्षिप्त गृहस्थ म्हणून मी त्यांना सोडून दिलं असतं. पण स्वावलंबी माणसाला एका गोष्टीची गरज पडतेच, परावलंबी माणसांची. ती आसपास नसतील तर त्याचं मोठेपण बघायचं कुणी?

अमरवेलीचा पाठ हा त्यांचा सण. शाळेच्या मागे अडुळशाचं कुंपण होतं आणि त्यावर पिवळ्या दोऱ्यांचा गुंता पडलेला असे, कुणी शेवया वाळत घातल्यासारखा. त्यातली एक जुडी सर फांदीसकट तोडून आणत आणि टेबलावर आपटत.

"मूळ नाही. पान नाही. हिरवा रंग नाही. बी रुजतं तेव्हा नावापुरता एक कोंब मातीत असतो. झाड सापडलं की ही खालून वाळते आणि जमिनीशी संबंध तोडते. आणि आपण हिला नाव काय दिलं? अमर."

मग ते नखानं वेल फांदीपासून अलगद सोडवत. जिथे ती चिकटलेली असे तिथे बारीक पुटकुळ्यांची रांग दिसे. प्रत्येक पुटकुळीतून एकेक शोषक मूळ निघून फांदीच्या आत, थेट रस वाहणाऱ्या नळीपर्यंत पोचलेलं असे. ते आम्हाला ओळीनं भिंगातून दाखवत. एका झाडावरून ही दुसऱ्यावर कशी हात टाकते, तोडून फेकलेला वीतभर तुकडाही नव्या झाडावर कसा जीव धरतो, हे सांगताना त्यांचा आवाज चढे. ते शिकवत उत्तम. हे कबूल करताना मला आजही दात आवळावे लागतात.

पाठ इथे संपत नसे. त्यानंतर माणसं येत. सरांनी सगळ्या सांगलीची वर्गवारी केलेली होती. जो नुसता दुसऱ्याच्या आधाराला बसतो, पण आपलं आपण खातो, तो आमरी, म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड. आमचे चित्रकलेचे मास्तर भावाच्या घरात राहत, म्हणून ते आमरी. ज्याला हिरवी पानं आहेत, पण मूळ दुसऱ्याच्या फांदीत आहे, तो बांडगूळ. सासऱ्यांच्या वशिल्यानं खुर्चीवर बसलेले हेडमास्तर बांडगूळ. आणि ज्याचं आपलं असं काहीच नाही, तो अमरवेल. वर्गात अमरवेल एकच होती. तो मी.

माझं गाव साताऱ्याकडच्या औंधजवळ. वडील लहानपणीच वारले होते. सांगलीत मी वारावर जेवत असे, म्हणजे सात वारांना सात घरं. अशी मुलं त्या काळी पुष्कळ होती आणि लोकही आपणहून वार देत. त्यात कमीपणा नाही, असं मला आईनं सांगितलं होतं. कमीपणा नसेलही. पण परक्या घरी जेवणाऱ्याला एक कला शिकावी लागते. पोट भरलेलं नसताना, भरल्यासारख्या आवाजात 'पुरे' म्हणायची. ती कला माझ्या अंगात इतकी मुरली की आज माझ्या स्वतःच्या घरात बायको वाढायला येते आणि मी ताटावर आडवा हात धरतो.

सरांना हे माहीत होतं. त्या पाठानंतर हजेरी घेताना माझं नाव आलं की ते थांबत आणि विचारत, "आज कोणत्या झाडावर?"

मी उभा राहून सांगे. "सोमवार. पेठेतले वकील." "गुरुवार. दत्ताच्या देवळामागचे वैद्य." मुलं हसत. सर मात्र हसत नसत. त्यांनी चेष्टा केली असती तर मी सोसली असती. ते गंभीरपणे, नोंद घेतल्यासारखे ऐकत आणि मग म्हणत, "बस."

त्यांचा एक प्रयोग चाले. त्याच्याइतका मूर्ख प्रयोग मी दुसरा पाहिला नाही. अमरवेलीला ते स्वतःच्या पायावर उभं करणार होते. हिवाळ्यात तिला बारीक पांढरी फुलं येत. त्यांचं बी धरलं की सर ते जपून ठेवत, खरखरीत दगडावर घासत आणि कुंड्यांत पेरत. कुंडीत दुसरं काही उगवू द्यायचं नाही. गवताचं पातं दिसलं तरी उपटायचं. बियांतून पिवळा धागा वर येई. धाग्याचं टोक हवेत हळूहळू गोल फिरू लागे, कुठे काही हाताला लागतं का ते चाचपडत. सर त्याला कधी साखरेचं पाणी घालत, कधी दूध, कधी शेणकाला. आधार मिळालाच नाही तर कधीतरी हिला मूळ धरावं लागेल, पान फुटेल, हिरवेपणा येईल, अशी त्यांची खात्री होती. आठवड्याभरात धागा मान टाकी. मग पुढच्या वर्षी पुन्हा.

"बघ," ते एकदा मला कुंडी दाखवत म्हणाले, "कशी भीक मागतेय." तेव्हा त्यांच्या आवाजात राग होता. पण त्याच आठवड्यात एका दुपारी मी कुंपणाकडून जात असताना ते कुंडीशी उकिडवे बसलेले दिसले. आपलं बोट त्यांनी त्या धाग्याच्या टोकाशी धरलं होतं आणि धागा बोटाकडे झुकला होता. मला पाहताच त्यांनी बोट काढून घेतलं. मला त्या वेळी हसू आलं. माणसाला पोटभर छळावं आणि दोऱ्याला बोट द्यावं!

एकदा ते आम्हाला झाडं दाखवायला पाटणकडे घेऊन गेले. तिथे एका बांधावर बोरीची जाळी अमरवेलीनं गच्च पिवळी झाली होती, आणि त्या रानाचा मालक कोयता घेऊन ती तोडून जाळायच्या बेतात होता. सर त्याच्या आणि बोरीच्या मध्ये जाऊन उभे राहिले. आपल्याला बी हवंय म्हणाले. त्या माणसाला ते वेड लागलेले वाटले असावेत. पण मास्तर म्हणून त्यानं कोयता खाली ठेवला. आमच्यासाठी घरातून भाकरी आणि खर्डा मागवला. आम्ही तुटून पडलो. सर लांब एका दगडावर आपली शिळी भाकरी सोडून बसले.

"आवं मास्तर, हिकडं बसा की. पोरांस्नी दिलीया, तुमी बी घ्या."

"माझ्याजवळ आहे."

"आसंल की. आमची काय बाटतीया व्हय?"

"बाटत नाही. मी कुणाचं खात नाही."

त्या माणसानं जरा विचार केला. "मग जुंधळा कुठनं आणता?"

"बाजारातून. विकत."

"मंजी खाता आमचंच," तो म्हणाला. "फकस्त मधी वाणी घालता."

आम्ही पोरं इतकं हसलो की एकाला ठसका लागला. सर परतीच्या सबंध वाटेवर विकत घेणं आणि उपकार घेणं यांतला फरक आम्हाला समजावून सांगत होते. आम्हाला तो समजला नाही. मला आजही समजलेला नाही, पण तेव्हा न समजण्यात जो आनंद होता तो वेगळाच.

मग धान्यावर रेशन आलं. माणशी ठरलेलं माप, आणि त्यात वाराच्या मुलाचं माप कुठेच नाही. एकेका घरातून निरोप येऊ लागले. कुणी दारातच सांगितलं, कुणी जेवण झाल्यावर. वैद्यांच्या आई सांगताना रडल्या आणि मलाच त्यांची समजूत घालावी लागली. बघता बघता मंगळवार, शनिवार आणि रविवार एवढेच उरले. बाकीच्या दिवशी मी शेंगदाणे खाई आणि पाणी पीत असे.

मंगळवार काकूंचा. त्यांचे यजमान कोर्टात कारकून, पदरात तीन मुलं. त्यांच्या घरात सासूबाईंपासून चालत आलेला एक रिवाज होता: वाराचा माणूस जेवून उठल्याशिवाय घरात कुणी ताटावर बसायचं नाही. त्यामुळे मी जेवत असताना काकूंची तीन मुलं स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी असत. ती माझ्या हाताकडे बघत. ताटाकडून तोंडाकडे, तोंडाकडून ताटाकडे. रेशनचे दिवस आले तसे त्यांचे डोळे मोठे होत गेले. मी भराभर जेवत असे. त्या तीन पोरांची नजर माझ्या हातावरून अजून उतरलेली नाही. काकूंना मी एकदा म्हटलं, की मंगळवारही आता बंद करा. त्या म्हणाल्या, "मी दिलाय. मी सांगेन तेव्हा सुटेल."

याच काकूंच्या आवारात मागच्या बाजूला एक खोली होती आणि तिथे सर भाड्यानं राहत. पहाटेच्या जात्याचा सगळ्यात जास्त त्रास काकूंनाच होता.

भाद्रपदात सरांना मुदतीचा ताप आला. डॉक्टरांना त्यांनी बोलावलं, कारण फी देता येत होती. पण जेवणाचं काय? स्वतः उठून चूल पेटवायची ताकद नाही आणि दुसऱ्याच्या हातचं घ्यायचं नाही. चित्रकलेच्या मास्तरांनी पेज आणली, ती परत. हेडमास्तरांनी दूध पाठवलं, तेही परत. गूळ आणि पाणी, असं चाललं होतं. ताप उतरला तेव्हा डॉक्टर जाता जाता काकूंना म्हणाले, की आता पोटात अन्न गेलं नाही तर हा माणूस हाती लागणार नाही. शाळेत हे कळलं तेव्हा मुलं हळहळली. मी हळहळलो नाही. मला वाटलं, आता कुंडीतला धागा होऊन बघा.

मंगळवारी मी काकूंकडे गेलो. पाट मांडलेला नव्हता. ताट मात्र वाढून तयार होतं. मऊ भात, वरण, मेतकूट आणि एक ज्वारीची भाकरी.

"आज हे सरांकडे न्यायचं," काकू म्हणाल्या.

माझी नजर पाटाच्या रिकाम्या जागेवर गेली.

"दुसरं कुठून आणू सांग. तू हिंडता-फिरता आहेस, तुझं आजच्या दिवस निभेल. त्यांचं निभायचं नाही."

मी ताट उचललं. अंगणातून चालताना भाताची वाफ माझ्या तोंडावर येत होती. ज्यानं मला वर्गासमोर अमरवेल ठरवलं त्याच्यासाठी माझा मंगळवार माझ्याच हातानं चालला होता. तो नको म्हणेल आणि ताट परत येईल, एवढी एकच आशा मला होती. तो नको म्हणाला तर तो मरेल, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

सर घोंगडीवर पडले होते. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. चुलीत मांजर निजलं होतं.

"काकूंनी पाठवलंय," मी म्हणालो.

"परत ने. माझ्या घरी चूल आहे."

मी मांजराकडे पाहिलं आणि ताट परत आणलं. काकूंनी पाहिलं. पदर खोचला, माझ्या हातातून ताट घेतलं आणि स्वतः निघाल्या. मी मागोमाग गेलो. त्यांनी ताट सरांच्या उशाशी ठेवलं आणि आपण उंबऱ्यावर बसल्या.

"जेवा, सर."

"बाई, मी कुणाचं खात नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. आणि आमच्या घरी वाराचा माणूस उठल्याशिवाय कुणी ताटावर बसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना? इतकी वर्षं आवारात राहता."

सरांनी ताट हातानं थोडं दूर सारलं.

"आजचा वार मी तुम्हाला दिला. तुम्ही मागितला नाहीत, मी दिला. आता तुम्ही जेवला नाहीत तर पोरं बसून राहतील, मी बसेन, आणि हे तसेच कोर्टात जातील. तुम्ही नाही जेवलात तर आमच्या पाच जणांचं तुम्ही खाल्लंत. हिशेब येतो ना तुम्हाला? करा."

"हा जुलूम आहे."

"आहे," काकू म्हणाल्या आणि तिथेच बसून राहिल्या.

त्या क्षणी सरांचा चेहरा पाहून मला जो आनंद झाला, तो सांगायला मला शरम वाटते, पण झाला. साऱ्या गावाला झाडं आणि वेली ठरवणारा माणूस, आणि एका बाईनं त्याला त्याच्याच तराजूत बसवलं. खाल्लं तर उपकार, आणि न खाल्लं तर पाच तोंडांचा घास काढून घेतल्याचं पाप. अंगणापलीकडे काकूंचा धाकटा 'आई, भूक' म्हणून कुरकुरत होता. सर ते ऐकत होते. मग ते कोपरावर उठले, भातात हात घातला आणि खाल्ला. मेतकूट त्यांच्या मिशीला लागलं. काकूंनी चार घास खाल्लेले बघितले आणि उठल्या.

"हा का उभा आहे?" सरांनी माझ्याकडे बोट करून विचारलं. "याचं झालं?"

"त्याचंच ताट आहे ते," काकू जाता जाता म्हणाल्या. "आमच्याकडे दुसरं नाही."

त्या गेल्या. आम्ही दोघंच उरलो. सरांचा हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी डाव्या हातानं ताट माझ्याकडे सरकवलं.

"भाताला माझा हात लागलाय. भाकरीला नाही. ती तू घे."

"मला भूक नाही," मी म्हणालो.

आयुष्यात पहिल्यांदाच मला जेवण नाकारण्याची चैन मिळाली होती, आणि तीही त्यांच्यासमोर. ती मी सोडणार नव्हतो.

"खोटं बोलू नकोस. भूक लागली की तू बाकाची कड नखानं खरवडतोस. वर्षभर बघतोय मी."

म्हणजे दिसत होतं. हजेरीच्या वेळी, मी उभा राहून घराचं नाव सांगत असताना, त्यांना माझी नखं दिसत होती. आणि तरीही ते विचारत होते. इतक्या वर्षांनी हे वाक्य आठवलं की माझ्या मुठी वळतात. न पाहणाऱ्याला क्षमा करता येते. हा माणूस सगळं भिंगातून बघत होता.

मी दाराकडे वळलो. तेवढ्यात अंगणापलीकडून काकूंची हाक आली.

"आटपलं का रे दोघांचं? पोरं खोळंबलीत."

दोघांचं, असं त्या म्हणाल्या; म्हणजे मीही अजून वाराचाच होतो.

मी परत फिरलो, खाली बसलो आणि सरांच्या ताटातली भाकरी उचलली. ती गिळताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी ती तिथेच टाकून उठलो असतो. पण त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि माझं खाऊन होईपर्यंत तसेच पडून राहिले. त्या माणसानं माझ्यावर केलेली ही एवढीच दया. तीही माझ्यासाठी होती की त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती म्हणून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.